पान, निखारा आणि चांदीचा कागद

आजचा विषय आमच्या गटाच्या बैठकीत निघाला. आमच्या गटाकडे पर्यटकांच्या जेवणाच्या ऑर्डरी येतात. एका ऑर्डरीत लिहून आलं, ‘मासे फॉइलमध्ये भाजून हवेत, तेल कमी.’ त्यावर एकीने विचारलं, “ताई, हे शहरातलं खूळ म्हणायचं का आपलंच काहीतरी नाव बदलून परत आलंय?” प्रश्न मला आवडला. बी.ए.ला इतिहासाच्या पुस्तकात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. चूल काही कुठे दिसली नव्हती. म्हणून आज चुलीपाशी बसूनच इतिहास सांगते.

मासा गुंडाळून भाजण्यात खरं तर तीनच गोष्टी असतात. बाहेरचं वेष्टण, खालची धग आणि माशाच्या अंगातलं पाणी. धग लागली की ते पाणी वाफ होतं, वेष्टणामुळे वाफ बाहेर जात नाही, आणि मासा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. वरून पाणी घालावं लागत नाही, तेलही नावालाच. मटणाला तास-दीड तास लागतो कारण त्यात चिवट तंतू फार. माशात ते थोडे असतात, म्हणून तो पंधरा-वीस मिनिटांत होतो. पण त्याच कारणाने तो नाजूकही असतो. उघड्या विस्तवावर ठेवला तर चिकटतो, मोडतो, वरून करपतो आणि आतून कोरडा पडतो. त्याला पांघरूण लागतं.

हे पांघरूण पहिल्यांदा कुणी घातलं ते कुणाला सांगता यायचं नाही. पण लिहून ठेवलेला एक फार जुना दाखला आहे. आर्केस्ट्राटस नावाचा एक ग्रीक कवी सिसिली बेटावर होऊन गेला, आजपासून साधारण साडेतेवीसशे वर्षांपूर्वी. या गृहस्थाने खाण्यावरच काव्य रचलं. त्याचे तुकडे पुढच्या लेखकांनी उतरवून ठेवले म्हणून वाचले. त्यात एक मासा अंजिराच्या पानांत गुंडाळायचा, वर दोरी बांधायची आणि गरम राखेत पुरायचा, अशी कृती आहे. चीज वगैरे काही घालू नका असंही तो बजावतो. चांगल्या ताज्या माशाला फार मसाला लागत नाही, हे आपल्या कोळणीसुद्धा सांगतात. त्यासाठी त्यांना कवी व्हावं लागलं नाही.

आपल्याकडे पानांना काय तोटा! रायगडात कातकरी आणि ठाकर वाड्यांवर ओढ्यातले बारीक मासे मीठ-मिरची लावून पळसाच्या किंवा सागाच्या पानात बांधतात आणि निखाऱ्यात सारतात. मुंबईच्या पारशांची पात्रानी मच्छी तर प्रसिद्धच आहे. पापलेटला ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी लावायची, केळीच्या पानात पुडी बांधायची आणि वाफवायची. लग्नात, नवजोतच्या जेवणात ती असतेच. बंगालात मोहरीची चटणी लावून पानात केलेला मासा म्हणजे पातुरी. केरळात करीमीन नावाचा खाडीतला मासा मसाला लावून केळीच्या पानात भाजतात. चार मुलुखांत चार चटण्या, बाकी युक्ती तीच. आपली तांदळाच्या पिठाची पानगी आठवा. केळीच्या नाहीतर हळदीच्या पानावर पीठ थापायचं, वरून दुसरं पान ठेवायचं आणि तव्यावर भाजायचं. मासा नाही, पण वेष्टण तेच.

आणि आमची पोपटी! ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, कुणी पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी घालायची, जाडं मीठ आणि ओवा टाकायचा, तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा. मग मडकं शेतात उपडं ठेवून भोवती गवत-पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या तासात सगळं शिजून तयार, आणि भांबुर्ड्याचा तो वास हाताला दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो.

राजांच्या स्वयंपाकातही मासा होताच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. आजचा महाराष्ट्र त्याच्या राज्यात बराचसा येत होता. त्या ग्रंथात माशांच्या जाती आहेत, ते गळाला कसे लावायचे ते आहे आणि शिजवायचे कसे तेही आहे. रांधणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठे नाही.

मग पानातला मासा आपल्या रोजच्या जेवणातून कमी का झाला? लोक म्हणतात फॉइल आलं म्हणून. मला ते पटत नाही. गावात फॉइल येऊन किती दिवस झाले? पानातली पुडी त्याच्या आधीच दुर्मीळ झाली होती. पान गेलं नव्हतं, निखारा गेला होता. चुलीवर भाकरी-कालवण झालं की मागे निखारे उरायचे. ते फुकटचे. त्यात वांगं भाजायचं, सुका बोंबील भाजायचा, मुलांसाठी रताळं टाकायचं आणि असला तर बांगडाही. वेगळं सरपण नको, वेगळा वेळ नको. स्टोव्ह आला, मग गॅस आला. बटण फिरवलं की जाळ संपला, मागे काही उरत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यावर तर वाड्यावस्त्यांपर्यंत सिलिंडर पोचले. ते पुन्हा भरून घेणं परवडतं का, हा वेगळा विषय. मी चुलीचे गोडवे गाणार नाही. धुराने डोळे गेलेल्या आणि छाती भरलेल्या बायका मी घरोघर पाहिल्या आहेत. पण चुलीबरोबर निखाऱ्यावरचे सगळे पदार्थ हळूहळू मागे पडले, हेही खरं.

आता त्या चांदीच्या कागदाकडे येऊ. तो चांदीचा नाही आणि कागदही नाही. तो अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे, लाटून लाटून माणसाच्या केसाहूनही पातळ केलेला. ज्या धातूच्या भांड्यांना आपल्या आज्या ‘जर्मनची भांडी’ म्हणायच्या, तोच हा.

आज स्वस्त वाटणारा हा धातू एके काळी सोन्या-चांदीच्या पंगतीला बसायचा. मातीत तो भरपूर आहे, पण मातीपासून सोडवणं महाकठीण. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या लगडी मौल्यवान वस्तू म्हणून मांडल्या होत्या. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना अ‍ॅल्युमिनियमचे काटे-चमचे द्यायचा आणि बाकीच्यांना सोन्याचे, अशी गोष्ट सांगतात. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर पावणेतीन किलोंच्या आसपास वजनाचा अ‍ॅल्युमिनियमचा कळस बसवला. बसवण्याआधी तो न्यूयॉर्कच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात ठेवला होता. लोक त्याच्यावरून उडी मारून जायचे, म्हणजे स्मारकाच्या टोकावरून उडी मारली असं सांगता यावं म्हणून!

दोनच वर्षांनी चित्र पालटलं. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना माहीत नसताना, विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करायची रीत शोधली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. पुस्तकात ही दोन नावं सापडतील. तिसरं नाव मी सांगते, ज्युलिया हॉल. चार्ल्सची थोरली बहीण. तीही त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. आई आजारी पडल्यावर घर तिनेच सांभाळलं. चार्ल्सचे प्रयोग चालायचे ते घराच्या मागच्या लाकूडफाट्याच्या खोलीत. ज्युलिया ते पाहायची, त्याच्याशी चर्चा करायची, केव्हा काय झालं याच्या नोंदी ठेवायची. पुढे पेटंटवरून वाद झाला तेव्हा चार्ल्सने शोध कधी लावला हे सिद्ध करायला तिची साक्ष आणि तिचं टिपण कामी आलं. शोधात तिचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण मैत्रिणींनो, गटाच्या वहीत तारीखवार लिहून ठेवा, सही घ्या, असं मी दर बैठकीला सांगते तेव्हा काहीजणी हसतात ना? त्यांनी ज्युलियाबाईंना आठवावं. नोंद नसती तर भावाचा दावा लंगडा पडला असता.

त्यानंतर भाव झपाट्याने उतरले. हा धातू कारखान्यांतून वाहू लागला, आणि १९१० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये त्याचा पातळ पत्रा सलग लाटायची यंत्रं आली. सुरुवातीला तो चॉकलेट गुंडाळायला वापरला. त्याआधी हे काम कथिलाच्या वर्खाने व्हायचं. स्वयंपाकघरात तो शिरला दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे प्रचंड कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, विमानं नकोत, मग एवढ्या धातूचं करायचं काय? १९४७ साली, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, अमेरिकेतल्या रेनॉल्ड्स कंपनीने घरगुती फॉइलची गुंडाळी बाजारात आणली. गिऱ्हाईक कोण, तर घरातली बाई. झटपट जेवण, भांडी कमी, असा तो प्रचार. भाजी-मासा पुडीत बांधा, भट्टीत ठेवा आणि मोकळ्या व्हा. आपल्याकडे आज जी ऑर्डर येते तिची पाळंमुळं अशी विमानाच्या कारखान्यात आहेत.

आपल्या देशात हा धातू आधी भांड्यांच्या रूपाने आला. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. पितळेला दर काही महिन्यांनी कल्हई लागते. कल्हईवाला आला नाही तर भांडं पडून. जर्मनच्या भांड्याला कल्हई नको, उचलायला हलकं, घ्यायला स्वस्त. गरिबाच्या घरात ते पटकन रुजलं.

याची खनिज माती, म्हणजे बॉक्साइट, आपल्याच सह्याद्रीच्या पठारांवर आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूला तिच्या खाणी आहेत. साधारण ४ टन मातीतून १ टन धातू निघतो, आणि १ किलो धातूला वीज लागते सुमारे १५ युनिट. आता आपल्या पुडीचा हिशोब करू. एक फूट रुंद, सव्वा फूट लांब, घरगुती जाडीचा तुकडा घेतला तर तो भरतो साडेतीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका बांगड्याच्या पुडीमागे जी वीज खर्च झाली तिच्यावर ९ वॅटचा दिवा जवळपास सहा तास जळेल. आणि ती पुडी आपण पंधरा मिनिटं वापरून उकिरड्यावर टाकतो. जुना अ‍ॅल्युमिनियम वितळवून नवा करायला नव्याच्या मानाने ५ टक्केच वीज लागते. म्हणून भंगारवाला तो घेतो. पण मसाल्याने माखलेला चुरगळलेला तुकडा कुणी घेत नाही.

दुसरी गोष्ट आरोग्याची. इथे आपल्याला बाहेरचं शास्त्र शिकायची फारशी गरज नाही. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते हे आपल्याला ठाऊक आहे. आंबट आणि खारट पदार्थ धातूला खातो. फॉइलचंही तेच. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ आणि मीठ लावलेला मासा फॉइलला थेट टेकला, आणि त्यातही तो गरम असला, तर थोडा अ‍ॅल्युमिनियम माशात उतरतो. रात्रभर तसाच ठेवलात तर कधी कधी फॉइलला बारीक भोकं पडलेली दिसतील. एखाद्या दिवशी खाल्लं म्हणून घाबरायचं कारण नाही. निरोगी माणसाचं शरीर तो बराचसा बाहेर टाकतं. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांनी मात्र सांभाळावं. आणि आपली तर सगळी चव कोकम-चिंचेवरच! म्हणून फॉइल वापरायचंच असेल तर आत पान अंथरा, मासा पानाला टेकू दे, फॉइल बाहेरून. उरलेला मासा फॉइलमध्ये ठेवू नका, स्टीलच्या डब्यात काढा.

आता घाटावरच्या मैत्रिणी म्हणतील, तुमचं ठीक आहे, समुद्र दाराशी आहे. आम्हाला बांगडा मिळतो तो बर्फातला, नाहीतर सुकट. पण तुमच्या आठवडी बाजारात रोहू आणि कटला दिसतात की नाही? त्यांचाही इतिहास आहे. हे मासे नदीच्या वाहत्या पाण्यात, पुरातच अंडी घालतात. तळ्यात पाळले तरी तिथे वीण करत नाहीत. त्यामुळे पूर्वी पुराच्या दिवसांत नदीतून बीज गोळा करावं लागायचं आणि त्यात भलतेच मासे मिसळलेले असायचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात ठेवलेल्या माशांची वीण करून दाखवली. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. त्या टोचणीमुळे शेततळ्यात सोडायला बीज मिळू लागलं आणि समुद्रापासून दूर असलेल्या गावात ताजा मासा आला. रोहूला काटे बारीक आणि फार, म्हणून पुडी करताना पोटाकडचे जाड तुकडे घ्या. शेपटीकडचे कालवणात घाला.

‘सोपं जेवण’ हा शब्द मला जरा तपासून पाहायचा आहे. सोपं कुणाला? २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत दिसलं की ज्या बायका घरकाम करतात त्यांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो. पुरुषांत घरकाम करणारेच मुळात थोडे, चारांत एखादा, आणि जे करतात त्यांचीही ९७ मिनिटं. आमच्या गटातल्या बायका दिवसभर मजुरीला, नाहीतर बाजारात असतात. संध्याकाळी सातला घरी येऊन वाटण, कालवण, तळण, मग तेलकट भांडी. तिथे पुडीची रीत खरंच उपयोगी आहे. वाटण एक, कढई नाही, तेलाचे शिंतोडे नाहीत, आणि पुडी तव्यावर असताना भात होतो. पुडी बांधायला अक्कल लागत नाही. घरातल्या मुलग्याला बसवा, तो बांधेल.

आणखी एक गोष्ट मला या पुड्यांत दिसली आणि ती मला वेळेपेक्षाही मोठी वाटते. कालवणाचं भांडं असलं की घरातली बाई शेवटी जेवते. तिच्या वाट्याला डोकं, शेपटी आणि रस्सा. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे शासनाच्याच आरोग्य पाहणीत आलेलं आहे. पुड्या मोजून बांधतात. घरात पाच माणसं तर पाच पुड्या. सासऱ्यांची एक, मुलांची एकेक, नवऱ्याची एक आणि तिची एक. कुणी आधी जेवलं म्हणून तिची पुडी उघडत नाही. आमच्याकडे दोन घरांत मी हे होताना पाहिलं. एका घरी सासूबाईच म्हणाल्या, “ही सुनेची, हिला हात लावू नका.”

तर आमच्या ऑर्डरीचं काय ठरलं ते सांगते आणि कृतीही. आम्ही गिऱ्हाइकाला कळवलं, केळीच्या पानात देतो, तेल तितकंच कमी. ते कबूल झाले. पान बागेतलं, म्हणून फॉइलचे पैसे वाचले, आणि वापरलेली पानं गोठ्यामागच्या खतात गेली.

चार बांगडे साफ करून दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्या. मीठ, हळद आणि दोन चमचे आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा. ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आलं यांची चटणी घट्ट वाटा. पाणी जास्त झालं तर पुडी गळते. पान नुसतं दुमडलं तर फाटतं, म्हणून आधी गॅसच्या मंद आचेवरून फिरवा. त्याचा रंग गडद होऊन चमकायला लागला की ते मऊ झालं. चिरांत आणि पोटात चटणी भरा, मासा पानाच्या मधोमध ठेवा, चारही बाजूंनी दुमडा, केळीच्या खोडाच्या दोराने बांधा. तव्यावर तेलाचे चार थेंब, पुड्या ठेवा, वर झाकण, आच मंद. एका बाजूला आठ मिनिटं, उलटून पुन्हा आठ. सुरमईचा जाड तुकडा असला तर दोन-तीन मिनिटं जास्त. पान बाहेरून काळं पडलं तरी हरकत नाही, त्याचाच वास माशाला लागतो.

मराठवाड्यात, विदर्भात केळ नसेल तिथे कर्दळीचं पान चालतं. भोपळ्याचं कोवळं पान घेतलंत तर ते पानासकट खाता येतं, बंगालात तशी रीत आहे. पण दिसेल ते पान घेऊ नका. रुई, धोतरा, कण्हेर ही पानं विषारी आहेत, स्वयंपाकात चुकूनही नकोत. ज्या पानावर तुमच्या गावात आधीपासून जेवतात तेच घ्या.

पुडी उघडताना तोंड आपल्याकडे करू नका, आतली वाफ हात भाजते. काट्याजवळ बोटाने दाबून बघा. मांस पांढरं दिसत असेल आणि काट्यापासून सहज सुटत असेल तर झालं. अजून पारदर्शक, चिकट असेल तर पुडी बंद करून तीन मिनिटं परत तव्यावर.